सरकारी लाभाच्या खात्याचें नवें कुलूप

आपल्या संस्थेच्या कचेरींत अलीकडे जे सभासद येतात, त्यांपैकीं पुष्कळांची तक्रार एकाच स्वरूपाची असते. "महाडीबीटीवरचें माझें जुनें खातें उघडत नाहीं. पासवर्ड बरोबर लिहून ठेविलेला आहे, तरी आंत जातां येत नाहीं." तक्रार खरी आहे, परंतु दोष पासवर्डाचा नाहीं. कुलूपच बदललेलें आहे; जुनी किल्ली कितीहि जपून ठेविली तरी ती त्यास कशी लागावी? हा बदल कोणता, तो कां झाला, आणि त्यामुळें शेतकऱ्यानें यापुढें नेमकी कोणती वस्तु जपावयाची, एवढें सांगण्यासाठीं हा लेख लिहिला आहे. प्रस्तुत लेखकाची सारी नोकरी महसूल खात्याच्या दप्तरांत गेली; संगणकाचें शास्त्र त्यास येत नाहीं. पण "समोर उभा आहे तो इसम तोच काय?" हा प्रश्न कचेरींत आम्हां कारकुनांस रोज पडे, आणि या सर्व प्रकरणाचें मूळ त्याच प्रश्नांत आहे.

जुने दस्तऐवज ज्यांनीं चाळले असतील त्यांस ठाऊक आहे कीं, लिहून देणाराची सही दस्ताच्या शेवटीं असे. सही येत नसेल तर अंगठा उमटवून त्याच्याशेजारीं "निशाणी डाव्या हाताचा अंगठा" असें लिहीत, आणि दस्त ज्याच्या हातचा त्याचें "बिकलम" खालीं येई. अंगठ्याची ही रीत आपणांस फार प्राचीन वाटते, पण सरकारी कामांत ती आली कशी, ही हकीकत ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. सन १८५८ मध्यें बंगाल्यांत जंगीपूर येथें विल्यम हर्शेल नांवाच्या मुलकी अधिकाऱ्यानें राज्यधर कोनाई या मक्तेदाराकडून रस्त्याच्या खडीचा करार करून घेतांना कागदावर त्याच्या पंजाचा ठसा घेतला. हेतु एवढाच कीं, पुढें "ही सही माझी नव्हे" असें त्यास म्हणतां येऊं नये. पुढें सन १८७७ मध्यें हुगळी येथें असतांना याच अधिकाऱ्यानें पेन्शन घेणारांच्या बोटांचे ठसे घेण्याचा प्रघात पाडला, कारण पेन्शनर मेल्यावरहि त्याच्या नांवें दुसराच कोणी येऊन रक्कम उचलून नेई. १८९७ सालीं कलकत्त्यास ठशांचें स्वतंत्र दप्तरच स्थापन झालें. म्हणजे आज ज्या अडचणीवर सरकार मोबाइल आणि यंत्रें लावून उपाय करीत आहे, ती अडचण आपल्याच देशांत एका साध्या पेन्शनीच्या खिडकीपाशीं पूर्वीच उभी राहिली होती.

मनुष्य तोच आहे हें ठरविण्याचे मार्ग तीनच. त्याला एखादी गोष्ट ठाऊक असणें, त्याच्याजवळ एखादी वस्तु असणें, किंवा त्याच्या अंगीं एखादी खूण असणें. पासवर्ड हा पहिल्या जातीचा. मोबाइलवर येणारा ओटीपी दुसऱ्या जातीचा, कारण तो आकडा अगोदर कोणासच ठाऊक नसतो. ज्याच्या हातांत तें सिम कार्ड असेल त्यालाच तो दिसतो, आणि थोड्याच वेळांत निरुपयोगी होतो. आधारचा ओटीपी दहा मिनिटेंच चालतो. अंगठा, बुबुळ आणि चेहरा हे तिसऱ्या जातीचे. सरकारनें अलीकडे जो बदल केला त्याचें सार इतकेंच कीं, पहिल्या जातीच्या पुराव्यावरचा भरंवसा काढून घेऊन तो दुसऱ्या व तिसऱ्या जातीवर ठेविला आहे.

पहिल्या जातीवरचा भरंवसा कां उडाला, हें खेड्यांत राहणारास समजावून सांगण्याची गरज नाहीं. महाडीबीटीवर ट्रॅक्टर, ठिबक, अवजारें यांच्या अनुदानासाठीं अर्ज करावयाचा तर पूर्वीं एक वापरकर्ता नांव आणि एक पासवर्ड ठरवावा लागे. शेतकऱ्यानें तो स्वतः ठरविला असें उदाहरण माझ्या पाहण्यांत क्वचितच आलें. सेवा केंद्राचा चालक तो ठरवी, आणि आपल्या वहींत लिहून ठेवी. सोयीसाठीं सबंध गांवाचा पासवर्ड एकाच सांच्याचा असे: नांवाचीं चार अक्षरें आणि पुढें एक दोन तीन. चालकाचा यांत दुष्ट हेतु असे, असें मी म्हणत नाहीं. शेतकरी तीन महिन्यांनीं परत आला कीं त्याला पासवर्ड आठवत नसे, आणि मग बिचारा चालकच शिव्या खाई. पण परिणाम असा झाला कीं, जें खातें शेतकऱ्याचें म्हणून होतें त्याची किल्ली वहींत, आणि वही दुसऱ्याच्या दुकानांत. चालकानें दुकान मोडून शहराचा रस्ता धरला कीं किल्लीहि त्याच्याबरोबर गेली. अर्ज भलत्याच बाबीसाठीं झालेला, बँकेचें खातें चुकीचें लागलेलें, निवड झाल्याचा निरोप आलेला पण मालकाला पत्ता नाहीं आणि मुदत निघून गेलेली, असे प्रकार मीं स्वतः पाहिले आहेत.

आतां नवी रीत पाहूं. महाराष्ट्रांत डिसेंबर २०२४ पासून शेतकऱ्यांच्या नोंदणीची मोहीम सुरू झाली. तींत प्रत्येक खातेदारास अकरा आंकडी शेतकरी ओळख क्रमांक मिळतो. लोक त्यास फार्मर आयडी म्हणतात. नोंदणीच्या वेळीं आधारवरून ओळख पटविली जाते, आपल्या नांवावरचे गट एक एक करून जोडले जातात, आणि शेवटीं आधारच्या ओटीपीवर ई-सही होते. सातबाऱ्यावरील नांव आणि आधारवरील नांव यांत फरक असेल तर प्रकरण अडतें, आणि तपासणीसाठीं महसूल खात्याकडे येतें. येथें एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. अर्ज केल्याबरोबर जो क्रमांक मिळतो तो केवळ नोंदणीची पोंच होय; मंजुरीनंतर मिळणारा अकरा आंकडी क्रमांक तो खरा. पोंच घेऊन घरीं निवांत बसलेले कित्येक सभासद मला भेटले आहेत.

१५ एप्रिल २०२५ पासून कृषि खात्याच्या योजनांसाठीं हा क्रमांक आवश्यक करण्यांत आला, आणि महाडीबीटीच्या दारावर आतां वापरकर्ता नांव व पासवर्ड विचारीत नाहींत. शेतकरी ओळख क्रमांक विचारतात, आणि नोंदलेल्या मोबाइलवर ओटीपी पाठवितात. त्याच वर्षापासून लाभार्थी निवडण्याची सोडतीची पद्धत जाऊन प्रथम येणारास प्रथम प्राधान्य असा नियम झाला. या दोन गोष्टी एकत्र वाचाव्यात. सोडत होती तेव्हां अर्ज महिनाभर उशिरां गेला तरी नशिबाचा वाटा तेवढाच राही. आतां दाराशीं अडकून राहिलेला प्रत्येक दिवस रांगेतली जागा मागें ढकलतो. म्हणून कुलूप उघडण्याची तयारी गरज लागण्यापूर्वींच करून ठेवणें भाग आहे.

ही तयारी म्हणजे क्रमांक पाठ करणें नव्हे. शेतकरी ओळख क्रमांक किंवा आधार क्रमांक हीं नुसतीं नांवें आहेत. तीं दहा जणांस ठाऊक झालीं तरी केवळ त्यांवर कोणास आंत शिरतां येत नाहीं. (तरीपण आधारच्या छायाप्रती वाटेल तेथें वाटूं नयेत. जेथें शेवटचे चार आंकडे पुरतात तेथें बाकीचे झांकलेली प्रत द्यावी. तशी प्रत आधारच्या संकेतस्थळावरून निघते.) खरी किल्ली आहे ती आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक. आणि येथेंच आमच्या घरीं जें घडलें तें सांगणें प्राप्त आहे, कारण तेंच अनेक घरीं घडलें असेल.

माझे थोरले बंधु गांवीं शेती पाहतात. सन २०१२ मध्यें गांवच्या शाळेंत आधारनोंदणीचें शिबिर भरलें, तेव्हां त्यांच्याजवळ मोबाइल नव्हता. रकाना मोकळा ठेवितां आला असता, पण यंत्रावर बसलेल्या मुलानें तो भरला. कोणता आंकडा घातला हें ना दादांनीं विचारलें, ना त्यानें सांगितलें. बारा वर्षें कांहीं बिघडलें नाहीं. रेशन अंगठ्यावर मिळे, बँकेंत पासबुक चाले. नोंदणीच्या मोहिमेंत मात्र दादा केंद्रावर बसले, ओटीपी पाठविल्याचें पडद्यावर आलें, आणि त्यांच्या हातांतला मोबाइल गप्प. अंगठ्यानें ओळख पटवावी म्हटलें तर यंत्र अंगठा घेईना. चाळीस वर्षें ऊंस आणि कांदा करणाऱ्या माणसाच्या बोटांवर रेषा राहतात कोठें? केंद्रचालकानें तिसऱ्यांदा ओटीपी मागविला तेव्हां त्याच्याच एका शेजाऱ्यानें सुचविलें कीं, आधारच्या संकेतस्थळावर मोबाइल पडताळून पाहण्याची सोय आहे, ती पाहावी. पाहतां दादांचा क्रमांक जोडलेलाच नाहीं असें निघालें. म्हणजे दादांच्या घराची किल्ली इतकीं वर्षें कोणातरी अनोळखी माणसाच्या खिशांत होती, आणि त्या माणसासहि तें ठाऊक नव्हतें.

पुढें तालुक्याच्या आधार केंद्रावर तीन हेलपाटे झाले. मोबाइल क्रमांक बदलण्यास कोणतेंहि कागदपत्र लागत नाहीं. पण त्या वेळीं मनुष्य स्वतः हजर असावा लागे, आणि अंगठा किंवा बुबुळ जुळावें लागे. पहिल्या दिवशीं यंत्र बंद, दुसऱ्या दिवशीं रांग संपेपर्यंत वेळ संपला, तिसऱ्या दिवशीं दादांचें बुबुळ जुळलें आणि क्रमांक लागला. क्रमांक नोंदीला लागण्यास कांहीं दिवस जातात, ते गेले. मग शेतकरी ओळख क्रमांक, मग ठिबकचा अर्ज. तोंवर गांवांतील पुष्कळ अर्ज दादांच्या पुढें लागलेले होते, आणि त्या हंगामांत जुन्याच नळ्या जोडून पाणी द्यावें लागलें. मी महसूल खात्यांत असतांना, आणि रोज इतरांचे दाखले तपासीत असतांना, सख्ख्या भावाचा हा रकाना मला एकदांहि तपासावासा वाटला नाहीं, याची खंत अजून जात नाहीं.

तेव्हां सभासद बंधूंनीं हा अंक खालीं ठेवण्यापूर्वीं घरांतील प्रत्येक खातेदाराचा क्रमांक पडताळून पाहावा, अशी माझी आग्रहाची विनंति आहे. एकच मोबाइल घरांतील अनेकांच्या आधारला जोडतां येतो, त्यास मनाई नाहीं. त्यामुळें वृद्ध आईजवळ वेगळा मोबाइल नसल्यास मुलाचा क्रमांक जोडणें चालेल. केंद्रचालकाचा, दुकानदाराचा किंवा शेजाऱ्याचा मात्र जोडूं नये. मुलगा परगांवीं नोकरीस असेल तर ओटीपी तेथें वाजेल आणि दहा मिनिटांत तो फोनवर सांगावा लागेल, हेंहि लक्षांत घ्यावें. शक्यतों शेतावर वा घरीं राहणाऱ्याचाच क्रमांक बरा. नोंदणींत आधारचा क्रमांक सोडून दुसराहि मोबाइल देतां येतो, पण दोन किल्ल्या दोन ठिकाणीं ठेवण्यानें घोटाळाच वाढतो.

क्रमांक जोडला म्हणजे काम संपलें असें नव्हे. तो जिवंत ठेविला पाहिजे. दोन सिम कार्डें बाळगणारे बरेच जण आहेत. त्यांतील एकावर पैसे भरतात, दुसरें तसेंच पडून राहतें, आणि आधारला नेमकें दुसरेंच जोडलेलें असतें. नव्वद दिवस त्या क्रमांकाचा कोणताच वापर झाला नाहीं तर कंपनीस तो बंद करतां येतो. बंद झालेला क्रमांक किमान नव्वद दिवस कोणास देत नाहींत. त्यानंतर मात्र तो नव्या गिऱ्हाइकास मिळूं शकतो. जमीन पडीत ठेविली तर दुसऱ्यानें वहिवाट करावी, त्यांतलाच हा प्रकार. म्हणून त्या सिमवर लहानसा कां होईना भरणा करीत असावें, त्यावरून अधूनमधून फोन लावावा, आणि सिम स्वतःच्या किंवा घरच्याच माणसाच्या नांवें असावें. आपल्या नांवावर किती क्रमांक चालू आहेत हें संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर कळतें. सिम हरवल्यास त्याच दिवशीं तें बंद करवून त्याच क्रमांकाचें नवें घ्यावें.

अंगठा न उमटणारांसाठीं दुसरी वाट आहे. प्रधानमंत्री किसान सन्मान निधीचे वर्षाला ६,००० रुपये, दोन दोन हजारांच्या तीन हप्त्यांनीं, फेब्रुवारी २०१९ पासून वाटले जाऊं लागले. त्यासाठीं जी ई-केवायसी करावी लागते ती तीन प्रकारें होते: घरबसल्या ओटीपीनें, सेवा केंद्रावर अंगठ्यानें, आणि जून २०२३ पासून मोबाइलच्या ॲपमध्यें चेहरा दाखवून. तिसऱ्या रीतींत ना ओटीपी लागतो, ना रेषा शाबूत असलेला अंगठा. ज्याच्याजवळ चांगला मोबाइल आहे असा गांवांतील एखादा मुलगा आपल्या आजोबांचें काम ओट्यावर बसून करूं शकतो. राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचा लाभहि किसान सन्मान निधीच्या लाभार्थ्यांसच मिळतो, तेव्हां एक दार बंद पडलें कीं दोन्ही हप्ते अडतात.

हप्ता कोणत्या बँकेंत जमा होतो यावरूनहि गैरसमज आहेत. आधारवरून येणारा पैसा, आधारला ज्या बँकेची जोडणी शेवटीं झाली त्या खात्यांत जातो. नवें खातें उघडतांना बँकेनें आधार जोडलें असेल, तर जुन्या पासबुकांत हप्ता शोधून उपयोग नाहीं.

आतां चोरांविषयीं. पासवर्ड असतांना चोराला वही पुरे होती. आतां त्याला ओटीपी हवा, आणि तो मालकाच्या तोंडूनच निघावा लागतो. म्हणून हल्लीं फोन येतात ते अगदीं आदबीनें येतात. "काका, कृषि कार्यालयांतून बोलतोंय, आपला हप्ता अडकलाय, आलेला आंकडा सांगा." सरकारी कचेरींतून असा आंकडा कोणी विचारीत नाहीं, मीं इतकीं वर्षें नोकरी केली, आम्हांस तो विचारण्याचें कधींच काम पडलें नाहीं. दुसरा प्रकार याहून वाईट. पीएम किसानच्या नांवाचें बनावट ॲप व्हॉट्सॲपवरून गटागटांत फिरतें. तें मोबाइलमध्यें घेतलें कीं आलेले निरोप चोरास आपोआप वाचतां येतात. मग मालकानें तोंड बंद ठेवूनहि कांहीं उपयोग होत नाहीं. ओळखीच्या माणसानें पाठविलें म्हणून तें सुरक्षित होत नाहीं, कारण त्याचाच मोबाइल अगोदर फसलेला असतो. ॲप घ्यावयाचें तें प्ले स्टोअरवरूनच घ्यावें. पैसे गेलेच तर लाज बाळगून दोन दिवस घालवूं नयेत. ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावें. रक्कम पुढच्या खात्यांतून निघण्यापूर्वीं तक्रार पोंचली तरच ती थांबविण्याची आशा असते.

ज्यांना अंगठ्याच्या दुरुपयोगाची भीति आहे, त्यांस आधारच्या ॲपवरून आपले ठसे कुलूपबंद करतां येतात. रेशनच्या किंवा बँकेच्या दिवशीं तेवढ्यापुरते उघडावे लागतात. ही सोय उत्तम आहे, पण विसराळू माणसानें ती घेऊं नये. आमच्या आळींतील एका वृद्ध गृहस्थांनीं ठसे बंद केले आणि रेशन दुकानदाराशीं तासभर भांडले.

आणखी एक अप्रिय गोष्ट लिहिणें भाग आहे. वडील वारले, त्यांचें सिम मुलाच्या खिशांत, आणि हप्ता येतच आहे. मुलगा ओटीपी घालून खातें चालू ठेवितो. हा हुगळीच्या पेन्शनीचाच प्रकार झाला. पुढें वसुली निघते, आणि ती नोटीस चावडीवर सर्वांदेखत येते. सरळ मार्ग अवघड नाहीं. वारस नोंद करावी, फेरफार मंजूर झाला कीं आपल्या नांवें शेतकरी ओळख क्रमांक काढावा व नवा अर्ज द्यावा. किसान सन्मान निधीस १ फेब्रुवारी २०१९ नंतर विकत घेतलेली जमीन चालत नाहीं, पण वारसानें आलेल्या जमिनीस तो नियम लागू नाहीं, हें पुष्कळांस माहीत नसतें आणि भीतीपोटीं ते मृताचें खातें ओढीत राहतात.

एकंदरींत नवी रीत जुनीपेक्षां चांगली आहे, असें माझें मत आहे. निदान वहींतली किल्ली तरी नाहींशी झाली. पण सारा भार एका मोबाइल क्रमांकावर टाकतांना ज्यांच्याजवळ मोबाइल नाहीं, जेथें डोंगराआड रेंज येत नाहीं, ज्यांचा अंगठा शेतींतच झिजला, त्यांची सोय अगोदर लावून मग जुनें दार बंद करावयास हवें होतें. ज्या आधारचें पहिलें वाटप २९ सप्टेंबर २०१० रोजीं आपल्याच राज्यांत, नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली या खेड्यांत झालें, त्याच्या दुरुस्तीचें यंत्र अजून मोठ्या गांवींच शोधावें लागावें, हें शोभत नाहीं. आपल्या संस्थेनें वर्षांतून दोनदां, खरीप व रब्बीच्या अगोदर, आधार केंद्राचें फिरतें यंत्र गांवीं मागविण्यासाठीं तहसीलदारांकडे अर्ज करावा, असा ठराव मीं येत्या सभेपुढें मांडणार आहें. सभासदांनीं येतांना आपापले आधार व सातबारा बरोबर आणावे. नांवांतला फरक तेथेंच पाहून देईन.

न मागतां ओटीपी आला तर तो कोणास सांगूं नये, आणि आधारच्या संकेतस्थळावर जाऊन गेल्या सहा महिन्यांत आपलें आधार कोठें कोठें वापरलें गेलें त्याची यादी पाहावी. पन्नासपर्यंत नोंदी तींत दिसतात. शंका वाटल्यास १९४७ हा आधारचा मदतक्रमांक आहे. ही यादी दर तीन महिन्यांनीं पाहण्याचा परिपाठ मीं ठेविला आहे. गेल्या खेपेस तींत नोव्हेंबरांतील एक नोंद मुळींच ओळखीची वाटेना, आणि मी बराच वेळ घाबरून बसलों. शेवटीं ती माझ्याच पेन्शनीसाठीं दिलेल्या हयातीच्या दाखल्याची निघाली.